मणक्याची शस्त्रक्रिया : छेद घेण्यापूर्वीची मोजणी

सुरत जिल्ह्यातील कामरेज हे तापीकाठचे तालुक्याचे ठिकाण. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो आणि वराछाच्या बाजूने पसरत आलेले सुरत शहर आता कामरेजला येऊन भिडले आहे. या पट्ट्यात हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर राहतात. तिकडे उधना-लिंबायत भागात खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे कापडधंद्यात राबतात. दिवसभर चाकावर वाकून बसणे, कापडाचे तागे उचलणे, मालमोटार हाकणे, या कामांत कंबर धरली तर कोणी त्याची फारशी दखल घेत नाही. दुखणे पायात उतरले, मुंग्या येऊ लागल्या, की मग एमआरआय होतो आणि एके दिवशी डॉक्टर शस्त्रक्रियेचे नाव काढतात. काणकोण वा सत्तरीहून बांबोळीला येणाऱ्या रुग्णाची स्थिती याहून वेगळी नसते. दोन्हीकडे घरची मंडळी एकच प्रश्न विचारतात : पाय तर लुळे पडणार नाहीत ना?

आधी एक दिलासा. मणक्यांमधील चकती सरकून पायात येणारी कळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत औषध, व्यायाम व थोडी सबुरी यांनी ओसरते. पायातील शक्ती भराभर कमी होणे, जांघेचा भाग बधिर होणे, लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे ही लक्षणे मात्र थांबण्याची नव्हेत. तेथे तासांचा हिशेब असतो. या दोन टोकांच्या मधल्या रुग्णाला विचार करायला व दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायला सवड असते. ती त्याने घ्यावी.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर धोका कोठे असतो? सामान्य माणसाला वाटते, सुरी मज्जारज्जूला लागण्यात. ती भीती खोटी नाही. परंतु मणक्याच्या शस्त्रक्रियेत एक अगदी साधी वाटणारी चूक शल्यविशारदांना अधिक छळत आली आहे, ती म्हणजे मोजण्याची. मानेत ७, छातीच्या पाठीमागे १२ आणि कंबरेत ५ असे मणके पाठ्यपुस्तकात असतात. प्रत्यक्षात काही जणांचा कंबरेचा पाचवा मणका खालच्या त्रिकास्थीला चिकटलेला असतो, तर काहींना सहावा असल्यासारखा दिसतो. एमआरआय वाचणाऱ्याने खालून मोजले आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याने वरून, तर एकाचा चौथा मणका तो दुसऱ्याचा पाचवा ठरू शकतो. कातडी बाजूला केल्यावर दिसणारी हाडे परस्परांसारखीच असतात; त्यांच्यावर क्रमांक लिहिलेले नसतात. छातीमागच्या मणक्यांत तर बरगड्या व खांद्यांच्या सावल्यांमुळे क्ष-किरण चित्रातही मोजणी अवघड होते, आणि स्थूल रुग्णात आणखीच.

डाव्या-उजव्याचा घोळ वेगळा. एमआरआयच्या आडव्या छेदाच्या चित्रात रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्ण पालथा असतो आणि तीच उजवी बाजू डॉक्टरांच्या उजव्या हाताला येते. थकलेल्या दिवशी, एकामागून एक शस्त्रक्रिया चालू असताना, ही उलटापालट मनातल्या मनात करायची असते.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत उत्तर देणाऱ्या ४१५ शल्यविशारदांपैकी निम्म्यांनी कारकिर्दीत किमान एकदा तरी चुकीच्या पातळीवर शस्त्रक्रिया झाल्याचे मान्य केले. प्रश्नावली मिळालेल्यांपैकी थोड्यांनीच उत्तर दिले होते, त्यामुळे या आकड्याला फार ताणू नये. शस्त्रक्रियांच्या एकूण संख्येत असे प्रसंग विरळाच. तरीही यावरून एक कळते, की ही चूक केवळ अडाणी किंवा बेफिकीर डॉक्टरांची नाही. तिच्यावर उपाय म्हणून उत्तर अमेरिकेतील मणक्याच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००१ मध्ये तीन पायऱ्यांचा कार्यक्रम आखला : रुग्ण जागा असताना शस्त्रक्रियेची जागा शाईने खूण करून सही करणे, शस्त्रक्रियेत हाडावर धातूची खूण ठेवणे, आणि तेथेच क्ष-किरण चित्र काढून ती खूण नेमकी कोणत्या मणक्यावर आहे ते पाहणे. चकतीला हात लावायचा तो त्यानंतर.

याच सुमारास सर्वच शस्त्रक्रियांसाठी एक समान तपासणी यादी असावी, असा विचार जागतिक आरोग्य संघटनेत सुरू झाला. २००८ मध्ये आलेल्या या १९ मुद्द्यांच्या यादीमागे जे पथक होते, त्याचे नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांच्याकडे होते. जन्म अमेरिकेतला, पण मूळ यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावचे. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी असे तीन थांबे त्या यादीत आहेत. पहिल्या थांब्यावर रुग्णानेच आपले नाव, शस्त्रक्रिया व जागा सांगायची. दुसऱ्यावर सर्वांनी आपापले नाव व काम मोठ्याने सांगायचे, चित्रे समोर लावली आहेत ना ते पाहायचे, गेल्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले का ते विचारायचे. तिसऱ्यावर सुया, बोळे, हत्यारे मोजायची. रोज एकत्र काम करणाऱ्यांनी एकमेकांना नाव सांगणे हास्यास्पद वाटेल. परंतु ज्याने एकदा तोंड उघडले आहे, ती परिचारिका किंवा तंत्रज्ञ पुढे काही चुकते आहे असे दिसल्यास बोलण्याची शक्यता वाढते, हा त्यामागचा हिशेब.

नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत यादीची चाचणी झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंतींचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. ही आकडेवारी निरनिराळ्या शस्त्रक्रियांची आहे, केवळ मणक्याची नव्हे. पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने यादी सक्तीची केली, तेव्हा १०१ रुग्णालयांच्या २०१४ मधील अभ्यासात लक्षणीय फरक आढळला नाही. कागदावर बरोबरच्या खुणा करणे आणि खरोखर थांबून विचारणे यांतले अंतर आपल्याकडील कोणत्याही कचेरीत गेलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

यादीच्या या कर्त्याच्या घरातच पुढे मणक्याची शस्त्रक्रिया उभी राहिली. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे ओहायोत शल्यविशारद होते. उमरखेडचे महाविद्यालय त्यांनी आपल्या आईच्या नावाने उभे केले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या मानेत, मज्जारज्जूच्या आतच, गाठ निघाली. एका तज्ज्ञाने त्वरित शस्त्रक्रिया सुचवली व प्रश्नांना वैतागला. क्लीव्हलँडच्या दुसऱ्या तज्ज्ञाने सारे प्रश्न ऐकून घेतले आणि दुखणे वाढेपर्यंत थांबता येईल असे सांगितले. आत्मारामांनी दुसरा मार्ग निवडला व पुढे दीर्घकाळ काम करत राहिले. अखेर शस्त्रक्रियेची वेळ आली, तेव्हा मुलाने आधीच विचारून ठेवले होते : सर्वांत जास्त भीती कशाची? मरणापेक्षाही मानेखाली सर्वांग लुळे पडण्याची, असे उत्तर होते.

शस्त्रक्रिया चालू असताना हृदयाची लय बिघडली. डॉक्टर बाहेर आले : थांबू की पुढे जाऊ? कुटुंबाने उलट विचारले, कशात लुळेपणाचा धोका अधिक? थांबण्यात, हे उत्तर मिळाल्यावर पुढे जाण्यास सांगितले गेले. हा प्रसंग गावंडे यांनी आपल्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात लिहिला आहे. १९ मुद्द्यांच्या यादीत या प्रश्नाला जागा नाही. तो आधीच घरात विचारला गेला होता, म्हणून त्या क्षणी उत्तर तयार होते.

आपल्याकडे ही बोलणी बहुधा संमतिपत्रावर सही होताना, ट्रॉलीशेजारी उरकली जातात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले, की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन संमती घ्यावी आणि एका उपचाराची संमती दुसऱ्यासाठी चालत नाही. जीव वाचवण्याची निकड हाच अपवाद. कामरेजच्या मराठी कामगारापुढे गुजराती वा इंग्रजी कागद आला, किंवा गोव्यातल्या आजीपुढे इंग्रजी, तर तो वाचून समजावून मागण्यात संकोच कसला? कोणता मणका, कोणती बाजू, शस्त्रक्रियेत क्ष-किरणाने खात्री केली जाईल का, मज्जातंतूंचे संदेश यंत्रावर पाहिले जाणार का, शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल, एवढे विचारावे. रुग्णानेही लपवू नये : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, तंबाखू. पातळ रक्तामुळे शस्त्रक्रियेनंतर आत रक्त साचून मज्जातंतू दाबले जाऊ शकतात, वाढलेली साखर जखमेत जंतुसंसर्गाला वाट देते, आणि तंबाखूतील निकोटीन मणके जोडल्यावर हाड सांधण्यात अडथळा आणते. अनेकांना ही शेवटची गोष्ट ठाऊकच नसते.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या रात्री पायात नव्याने अशक्तपणा वा बधिरपणा आला, लघवी होईनाशी झाली, तर सकाळच्या राऊंडची वाट न पाहता लगेच परिचारिकेला सांगावे. घरी परतल्यावर ताप, जखमेतून पाणी, पोटरीला सूज किंवा अचानक धाप लागणे यांसाठीही तेच.