नळाला गॅप, पाण्याला गळती

‘आज पाणी आहे का?’ आपल्या शहरात हा प्रश्न ‘जेवलास का?’च्याही आधी विचारला जातो. ट्रिप ठरवायची असो की घरी पाहुणे यायचे असोत, आधी पाण्याचा वार बघायचा. आणि पैठणला तर सुमारे १०२ टीएमसीचा नाथसागर आहे! मग घोडं अडतं कुठं?

पहिलं उत्तर तुम्हाला पाठ असेल. शहर वाढत गेलं, पण पाणी आणणाऱ्या मुख्य जलवाहिन्या वर्षानुवर्षं दोनच राहिल्या, ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या. म्हणून २५०० मिलिमीटर व्यासाची नवी वाहिनी आली. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा योजना १,६८० कोटींची होती. पुढे तो आकडा २,७४० कोटींवर गेला.

दुसऱ्या उत्तरावर मात्र आपण फारसं बोलत नाही. ते म्हणजे गळती. शहर धरणापेक्षा उंचावर आहे. म्हणजे प्रत्येक लिटर विजेवर वर चढवायचं, शुद्ध करायचं आणि मग कुठल्या तरी सांध्यातून जमिनीत सोडायचं. नुसतं पाणी जात नाही, वीजबिलही वाहून जातं.

आता गॅपची गंमत बघा. पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामा, दाब शून्य. जिथून पाणी बाहेर गळतं, तिथूनच मग शेजारच्या गटाराची घाण आत शिरते. नळ आला की पहिलं गढूळ पाणी आपण सोडून देतो, ते यामुळेच. शिवाय आठवड्यातून काही तासच पाणी येत असेल, तर जमिनीखालची गळती शोधायलाही तेवढेच तास मिळतात. थेट नळाला मोटर लावली तर आणखी ओढ बसते. शेजाऱ्याचं पाणी तर पळतंच, घाणही आत खेचली जाते.

आणि आपण काय करतो? नवं पाणी आलं की ड्रममधलं ‘शिळं’ पाणी ओतून देतो. नळाला तोटी नसते. टाकी भरून वाहिली तरी मोटर चालूच.

एक साधा हिशेब करा. मिनिटाला एक लिटरची बाटली भरेल एवढी धार दिवसभर वाहिली, तर १,४४० लिटर जातात. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडचं सरकारी मानक. म्हणजे एका बारीक धारेत दहा माणसांचं पाणी गेलं!

‘आपल्याकडं काय सुधारणार’ असं म्हणण्याआधी कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह आठवा. १९९३ मध्ये तिथलं ७२ टक्के पाणी हिशेबाबाहेर जायचं, गळतीत आणि चोरीत. एक सोन चान या अधिकाऱ्यानं पाइप बदलले, घरोघरी मीटर बसवले, बड्यांनाही बिलं लावली. मीटर लावायला गेल्यावर त्यांच्यावर पिस्तूल रोखलं गेलं, तरी ते हटले नाहीत. पुढे हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आलं. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लांब कशाला, कराडशेजारच्या मलकापूरनंही मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं.

नवी वाहिनी जास्त पाणी आणेल, पण गल्लीतला पाइप फुटका असेल तर ते जास्त दाबानं गळेल. म्हणून मीटर हा शब्द ऐकला की लगेच ‘बिल वाढणार’ म्हणून ओरडू नका. मोजल्याशिवाय पाणी कुठं हरवतं ते कळतच नाही. गरिबाचा दर कमी ठेवा, हे मात्र ठणकावून मागा.

तोवर तुमच्या हातातलं करा. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका. फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला, तर टाकी गळतेय. वरच्या टाकीला फ्लोट वॉल्व्ह बसवून घ्या. ‘शिळं’ पाणी झाडांना, फरशीला वापरा. गल्लीत गळती दिसली तर फोटो, जागा आणि तारखेसह वॉर्ड कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि आठवड्यानं पुन्हा विचारा. इंजिनिअरिंगला असाल तर प्रोजेक्टसाठी विषय समोरच आहे: आपल्या कॉलनीत किती पाणी आलं आणि घरांपर्यंत किती पोचलं?

रील तर रोज बनवतो. या वेळी पाणी येईल त्या दिवशी गल्लीतून एक चक्कर मारा. कुठं कुठं वाहतंय ते मोजा.