भिंतीवरची म्हातारी

मैत्रिणींनो, तव्यावरची पोळी उलटली आणि डागांतून एखादा चेहरा तुमच्याकडे बघून हसला, असं कधी झालंय? झालं असेल तर लाजू नका. माझंही होतं. गेल्या वर्षी तर त्यावरून आमच्या घरी चांगलंच रामायण घडलं.

आमच्या बारामतीला पाऊस बेताचाच. पण परतीचा पाऊस जोरात झाला आणि गच्चीतून पाणी झिरपून मुलांच्या खोलीतल्या भिंतीला ओल आली. एका रात्री माझी सात वर्षांची मुलगी उठून आली. "आई, भिंतीवर म्हातारी आहे. तोंड उघडून बघते." सकाळची शाळा, वह्यांचा गठ्ठा तसाच पडलेला. "काही नाही तिथे, झोप मुकाट्यानं," म्हणून मी तिला परत धाडलं. दुसऱ्या रात्री ती आली नाही. मला वाटलं, भीती गेली. पण चार-आठ दिवसांनी पाहिलं, तर पोर उशी पायथ्याशी घेऊन, डोक्यावरून पांघरूण ओढून झोपत होती. विचारलं तर म्हणाली, "तुला सांगून काय, तुला दिसतच नाही ना!"

ते वाक्य मला फार लागलं. उद्या शाळेत, रस्त्यात खरंच काही वाईट घडलं, तर ही मला सांगेल का?

त्या रात्री मी तिच्या जागेवर आडवी झाले. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून तिरपा येत होता. पोपडे सुटलेल्या दोन जागा म्हणजे डोळे, खाली ओलीचा लांबट डाग म्हणजे तोंड. म्हातारी होती की हो तिथे!

याला इंग्रजीत 'पॅरायडोलिया' म्हणतात. हे वेड नव्हे आणि भुताटकीही नव्हे. चेहरे ओळखण्यात आपला मेंदू मोठा तरबेज असतो. १९७५ साली अमेरिकेत नवजात बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मून काही मिनिटंच झालेली बाळं चेहऱ्याच्या चित्रामागे मान वळवत. नाक-डोळे विस्कटलेल्या चित्रामागे तितकी वळवत नसत. नसलेला चेहरा दिसला तर फारसं बिघडत नाही; अंधारात उभा असलेला माणूस दिसला नाही, तर मात्र जिवावर बेतू शकतं. म्हणून दोन ठिपके आणि एक रेघ दिसली, की मेंदू चेहरा ठरवून मोकळा होतो.

भल्याभल्यांची यातून सुटका नाही. १९७६ साली व्हायकिंग-१ यानाने मंगळाचा फोटो पाठवला, त्यात चक्क माणसाचा चेहरा दिसला. केवढी चर्चा झाली! २००१ साली दुसऱ्या यानाने अधिक स्पष्ट फोटो घेतला, तर ती साधी टेकडी निघाली. तिरपा उजेड आणि सावली, आमच्या भिंतीसारखीच.

आणि आपण तरी काय करतो? नारळाला डोळे, बटाट्याला डोळे, आपल्या भागातल्या उसाच्या कांडीलाही डोळा! चंद्रावरचे डाग म्हणजे लाव्हा थिजून झालेली काळसर मैदानं. पण आपल्या लोकांना तिथे ससा दिसला, हरिण दिसलं, म्हणून तो शशांक आणि मृगांक झाला.

इंदापूरकडच्या माझ्या माहेरी आजी भुई सारवायची. तिच्या हाताच्या फटकाऱ्यांत मला मोर दिसायचा. "कुठाय मोर?" असं आजी कधी म्हणाली नाही. ती विचारायची, "पिसारा मिटलाय का फुलवलाय गं?" चार बुकं शिकून मी नेमकं हेच विसरले होते.

तेव्हा, मूल असं काही सांगू लागलं तर "काही नाही" म्हणू नका. त्याच्या जागेवर बसून बघा. मग दिवा लावा, बॅटरीचा उजेड दुसऱ्या बाजूने पाडा. चेहरा कसा बदलतो ते त्यालाच पाहू द्या. कागदावर काढायला सांगा. भिंतीचं म्हणाल, तर आधी गळती बंद करा, भिंत पुरती वाळू द्या आणि मगच रंग काढा. ओल्या भिंतीवर दिलेला रंग टिकत नाही. आणि नजर अधू झालेल्या सासूबाईंना किंवा मामंजींना नसलेली माणसं दिसू लागली, तर "भ्रम झालाय" म्हणून त्यांना गप्प बसवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. नजर कमी झाली की असं होऊ शकतं.

आम्ही मायलेकींनी पेन्सिलीने म्हातारीला चष्मा काढला, कपाळावर टिकली काढली. मुलगी पुन्हा उशाकडे डोकं करून झोपू लागली. दिवाळीनंतर भिंत वाळली, रंगारी आले. "आता ती कुठे जाणार?" म्हणून उलट तीच हळहळली.

त्या रात्री मी वह्या तपासत होते. ती येऊन शेजारी बसली. "आई, शाळेतलं एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

मी लाल पेन खाली ठेवलं.