नोंद पुसू नये, जोडावी

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर प्रत्येक शिक्षकाच्या नित्य परिचयाचे आहे. त्यातील जन्मतारीख चुकलेली आढळली, तरी ती खरडून नवी लिहिण्याची मुभा कोणास नाही. वरिष्ठांची मंजुरी घ्यावी, जुनी नोंद वाचता येईल अशी राखावी आणि दुरुस्तीजवळ सही व तारीख घालावी, हीच योग्य रीत होय. मुलाचे पुढील शिक्षण व नोकरी त्या एका ओळीवर अवलंबून असते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लोकही हेच तत्त्व पाळतात. त्यांच्या पद्धतीस व्हर्जन कंट्रोल, म्हणजे आवृत्ति-नियंत्रण, असे म्हणतात.

मोठी आज्ञावली एकट्याच्या हातून क्वचितच होते. अनेकजण एकाच लिखाणात फेरफार करू लागले, म्हणजे एकाचे काम दुसऱ्याकडून पुसले जाण्याचे भय असते. ह्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड ह्यांनी १९७२ साली आरंभीचे एक साधन तयार केले. आज विशेष प्रचारात असलेले 'गिट' हे साधन लिनस टॉर्वाल्ड्स ह्यांनी २००५ साली 'लिनक्स'च्या कामासाठी रचले.

गिटमध्ये प्रत्येक बदलाची स्वतंत्र नोंद होते. तीस कमिट म्हणतात. बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला, हे तीत लिहिलेले असते. प्रत्येक नोंद मागील नोंदीशी गुंफलेली असल्यामुळे जुन्या नोंदीत गुपचूप केलेला फरक उघडकीस येतो. नवा प्रयोग करावयाचा असल्यास मूळ लिखाणास धक्का न लावता वेगळी शाखा काढतात, व सहकाऱ्यांनी तपासल्यावर ती मुळात मिळवितात. दोघांनी एकच ओळ निरनिराळी बदलली असेल, तर यंत्र थांबते आणि निर्णय माणसावर सोपविते.

ही दृष्टी आपणांस परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले व १९६६ साली ते पुरे केले. डॉ. वि. सी. सुखटणकर १९२५ पासून १९४३ पर्यंत त्याचे प्रमुख संपादक होते. विद्वानांनी निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाठ निश्चित केला. परंतु नाकारलेले पाठ फेकून न देता तळटीपांत छापले. त्यामुळे संपादकांचा निर्णय पुढील अभ्यासकास आजही तपासता येतो.

आता आपल्या कामाकडे पाहू. समजा, मेहकर, लोणार व चिखली येथील शिक्षक मिळून एक प्रश्नसंच सिद्ध करीत आहेत. 'अंतिम', 'अंतिम दोन', 'खरा अंतिम' अशा प्रती फिरू लागल्या, की चुकीची उत्तरसूची मुलांच्या हाती पडण्यास वेळ लागत नाही. तेव्हा मूळ प्रत एकाच ठिकाणी असावी. प्रत्येक दुरुस्तीपुढे नाव, तारीख व कारण लिहावे. दुसऱ्याने तपासल्यावाचून ती मुळात घेऊ नये. आणि जुनी प्रत जपून ठेवावी. संगणक नसला, तर साधी वहीही ह्या कामास पुरेल. चूक होणे स्वाभाविक आहे. ती कोठे झाली हे शोधता यावे, एवढी व्यवस्था मात्र शिक्षकाने अवश्य राखावी.