पोर म्हणजे सातबारा नव्हे!

सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी आपल्याला नवी नाही. चार दिवस थोरल्याचे, चार दिवस धाकट्याचे. एकाने पाळी मोडली की भांडण बांधावर येते आणि पीक दोघांचेही वाळते. नवरा-बायको वेगळे झाले की मुलाला भेटण्याचीही अशीच पाळी ठरते. फरक एवढाच, की इथे वाळते ते पोटचे पोर असते.

गावात संसार मोडला की काय होतं, ते तुम्ही पाहिलं आहेच. भावकी बसते, सरपंच आणि पोलीस पाटील येतात, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले जाते, 'मुलगा बापाकडे राहील, आईने महिन्यातून एकदा भेटावे.' सह्या-अंगठे होतात, चहा होतो, माणसे उठतात. पण या कागदात जोर किती? दोघे पाळतात तोवरच. उद्या एकाने 'नाही भेटू देत जा' म्हटले, तर नुसत्या त्या कागदावर बेलीफ येत नाही आणि पोलिसांनाही काही करता येत नाही. मुलाचा ताबा आणि भेट ठरवायचा अधिकार न्यायालयाचा. तेही त्या कागदाला बांधलेले नसते. ते आधी मुलाचे हित बघते.

आदेश मिळतो कुठे? घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली त्याच न्यायालयात. दावा नसेल तर १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. तो सर्व धर्मांना लागू आहे. मूल जिथे नेहमी राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात, आणि कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे अर्ज करायचा. घरात छळ झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊन भेटीची व्यवस्था ठरवू शकतात. हिंदूंच्या बाबतीत १९५६ च्या कायद्याने पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईकडे असते. पण त्याच कायद्यात मुलाचे हित सर्वांत वरचे मानले आहे.

आदेश बदलतो, पण आपल्या मनाने नाही

पुष्कळांना वाटते, एकदा निकाल लागला म्हणजे संपले. तसे नाही. मुलाच्या ताब्याचे आदेश कायमचे नसतात, परिस्थिती बदलली तर ते बदलता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगून ठेवले आहे. कलम २६ मध्येही घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतर आदेश फिरवण्याची, स्थगित करण्याची सोय आहे.

समजा, मुलगी तीन वर्षांची असताना 'दर रविवारी दोन तास, आईच्या गावी' असा आदेश झाला. आज ती नऊ वर्षांची आहे. रविवारी शिष्यवृत्तीचा जादा तास असतो. बाप दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातो, तो हंगाम संपल्यावरच परततो. म्हणजे चार-पाच महिने भेट बुडते. आई म्हणते, 'याला पोरीची माया नाही.' बाप म्हणतो, 'हंगाम सोडून येऊ कसा?' दोघांचंही खरं आहे. चुकला आहे तो जुना आदेश. अशा वेळी बापाने त्याच न्यायालयात बदलाचा अर्ज द्यावा. हंगामात आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल आणि त्या बदल्यात मे महिन्याच्या सुट्टीत सलग दिवस, असे मागता येते. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हा फोनवर, व्हिडिओवर मुलाशी बोलण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० च्या एका निकालात मान्य केला आहे.

अर्जात 'पहिला निकाल चुकीचा होता' एवढेच लिहून भागत नाही. आदेशानंतर काय बदलले ते लिहा आणि कागद जोडा. शाळेचा दाखला, वेळापत्रक, कामाच्या ठिकाणचे पत्र, दवाखान्याची कागदपत्रे, असे जे असेल ते. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याचेही म्हणणे विचारात घेतात. दोघांची संमती असेल तर काम आणखी सोपे. संयुक्त पुरसीस देऊन नवा आदेश करून घ्या. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याइतकीच किंमत असते. मात्र नवा आदेश होईपर्यंत जुनाच पाळावा लागतो, हे विसरू नका.

भेट अडवली तर?

पहिले काम, एक वही करा. कोणत्या तारखेला, किती वाजता गेलो, दारात कोण होते, काय म्हणाले, ते त्याच दिवशी लिहा. एस.टी.चे तिकीट आणि मोबाईलवरचे निरोप जपा. मग वकिलामार्फत नोटीस द्या. तरी ऐकले नाही, तर ज्या न्यायालयाने आदेश दिला तिथे अंमलबजावणीचा अर्ज, म्हणजे दरखास्त करा. न्यायालय बुडालेल्या भेटी भरून देऊ शकते, भेटीची जागा बदलू शकते. जाणूनबुजून हुकूम मोडणाऱ्यावर मालमत्तेची जप्ती किंवा दिवाणी तुरुंगाची पाळी येऊ शकते, अवमानाची कारवाईही होऊ शकते. वारंवार अडवणूक केली तर ताब्याचाच फेरविचार होऊ शकतो.

आता, काय करू नये? शाळेच्या फाटकातून पोर उचलून नेऊ नका. त्याने तुमचीच बाजू लंगडी पडते आणि पोराला शाळेची धास्ती बसते. दुसरे, पोटगी आणि भेट यांची सांगड घालू नका. पोटगी थकली म्हणून भेट बंद, भेट नाही म्हणून पोटगी बंद, हे दोन्ही चूक. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज वेगळा असतो.

समोरचा दारू पिऊन येतो, मारहाण करतो, तर काय? तर मूल त्याच्या हवाली करून गप्प बसू नका. धोका असेल तर ११२ वर फोन करा आणि लागलीच न्यायालयात अर्ज देऊन भेट थांबवून घ्या, किंवा ती तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवायला सांगा. नुसते दार लावून बसलात, तर उद्या तुम्हीच आदेश मोडला असे होईल.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी मागे राहू नये. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना ठरलेल्या उत्पन्न मर्यादेत मिळतो.

सरपंच, पोलीस पाटील मंडळींनाही एक विनंती. दोघांना समजवा, पाणी-चहा पाजून एकत्र बसवा, त्यासारखे पुण्य नाही. पण पोराची वाटणी स्टॅम्पवर करून 'मिटलं' म्हणू नका. ठरलेले तालुक्याला नेऊन न्यायालयाकडून आदेश करून घ्यायला लावा. एकाकडून पोर काढून दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र भेटीच्या दिवशी दोन्ही घरांना विश्वास वाटेल असा साक्षीदार म्हणून उभे राहता येते. मुख्याध्यापकांनी आदेशाची प्रत दप्तरी ठेवावी, म्हणजे सुट्टीच्या घंटेला घोळ होत नाही.

जमिनीला दोन नावे लागली तरी जमीन गप्प असते. पोर तसे नसते. बापाकडे गेले की आईचे नाव काढायला भिते आणि आईकडे आले की बापाने दिलेला खाऊ लपवते. पोर म्हणजे सातबारा नव्हे, की ज्याचे नाव लागले तो मालक. तेव्हा ट्रंकेत ठेवलेला आदेश आज बाहेर काढा आणि पुन्हा वाचा. तो आजच्या दिवसाला बसत नसेल, तर दिवाळीची सुट्टी लागण्याआधी अर्ज द्या. सुट्टी लागल्यावर भांडत बसलात, तर ती पोराचीच बुडेल.