वजनकाटा नेमकं काय मोजतो?



आज वजनाबद्दल बोलूया. विषय रोजचा वाटेल, पण संशोधनात मोजमाप करताना आपण कुठे चुकतो हे शिकायला याच्याइतकं सोपं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

सुरुवात एका आठवणीने करते. एम.एस्सी.ला असताना माझ्या रूममेटचं वजन चार महिन्यांत ५८ किलोवरून ५३ किलोवर आलं. हॉस्टेलमध्ये सगळ्या तिचं कौतुक करत होत्या. "कुठलं डाएट गं?" असं मीसुद्धा विचारलं. ती हसून म्हणायची, "कसलं डाएट, मेसचंच जेवण." तिची उंची १६५ सेंटीमीटर. मोबाईलवर बीएमआय काढला तर आधी साधारण २१.३ आणि आता १९.५. दोन्ही आकडे निरोगी पट्ट्यात! मग काळजी कसली? पुढे खोकला आणि संध्याकाळचा ताप जाईना, तेव्हा तपासणी झाली आणि क्षयरोग निघाला. सहा महिने औषधं घेऊन ती पूर्ण बरी झाली. आमचं गणित बरोबर होतं, पण आम्ही प्रश्नच चुकीचा विचारला होता.

बीएमआय आला कुठून?

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या अडोल्फ केटले यांच्या कामातून आलं. ते गणितज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं. कोण निरोगी आहे हे ठरवायचं नव्हतं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ साली अॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधामुळे रूढ झालं. मोठ्या गटांचा अभ्यास करायला सोपं आणि स्वस्त माप म्हणून ते टिकलं.

इथे पहिला धडा: आपल्याला जाणून घ्यायचं असतं ते शरीरातल्या चरबीबद्दल आणि आजाराच्या धोक्याबद्दल. आपण मोजतो मात्र वजन आणि उंची. म्हणजे बीएमआय हा 'बदली खेळाडू' आहे. काट्याला स्नायू, हाडं, पाणी, चरबी यातला फरक कळत नाही.

एकच आकडा, दोन शरीरं

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटीशी, पण फार गाजलेली नोंद छापून आली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो त्यात होता. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के!

अर्थात, दोन माणसांवरून निष्कर्ष निघत नाही. पण त्यामागे मोठं काम होतं. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. वजन, पोटाचा घेर, दंडाचा घेर, सगळं कमी. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, पण आत चरबी टिकलेली.

म्हणूनच सीमारेषा बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या वर्गवारीत १८.५ ते २४.९ हा निरोगी पट्टा. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता मानावी असं सुचवलं. सोबत कमरेचा घेरही बघायचा: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत. आता १६५ सेंटीमीटर उंची आणि ६८ किलो वजन घेऊन गणित करा. उत्तर २४.९८ येतं. एका तक्त्यात ही व्यक्ती निरोगी, दुसऱ्यात जादा वजनाची. शरीर तेच, रेषा बदलली. तुमच्या प्रबंधात कुठली रेषा घेतली आणि का, हे लिहायला विसरू नका.

बदल खरा की नुसती हालचाल?

काल ६०, आज ६१. एका रात्रीत एक किलो चरबी वाढली का? नाही. शरीर कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खारट जेवण, मासिक पाळी, पोट साफ होणं-न होणं, या सगळ्यांनी एक-दोन किलोंचा फरक सहज पडतो. डाएटच्या पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा बराच असतो, तो यामुळेच.

म्हणून वजन करायचं तर काटा तोच, वेळ तीच (सकाळी, काही खाण्याआधी) आणि कपडे हलके. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवड्याची सरासरी बघा.

अजून एक सापळा आहे. समजा, तुम्ही शंभर जणांतून आज सर्वांत जास्त वजन भरलेले दहा जण निवडले आणि महिन्याने पुन्हा मोजले. काहीही उपाय केला नाही तरी त्यांची सरासरी थोडी खाली येण्याची शक्यता असते, कारण त्यातले काही जण त्या दिवशी योगायोगाने वर होते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर याच घसरणीला आपण 'आमच्या काढ्याचा परिणाम' म्हणून मोकळे होतो.

मग काळजी कधी करायची?

प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइडचे विकार, नैराश्य, कर्करोग, कारणं अनेक असू शकतात. आता माझ्या रूममेटचं गणित करा: ५८ मधून ५ गेले, म्हणजे साडेआठ टक्क्यांहून जास्त, तेही चार महिन्यांत. आम्ही तिचा आकडा तक्त्याशी ताडून पाहिला. तो तिच्याच आधीच्या आकड्याशी ताडायला हवा होता.

संशोधनाला बसताना प्रत्येक आकड्याला हे तीन प्रश्न विचारा: तू नेमकं काय मोजतोस? तुझी रेषा कुणी आणि कुणासाठी आखली? आणि तू कशाच्या तुलनेत बदललास?

आणि एखादी मैत्रीण अचानक बारीक दिसली, तर "कुठलं डाएट?" च्या आधी "बरी आहेस ना?" एवढं विचारा.