कावळ्याचा पहिला नंबर कसा गेला

पक्ष्यांचं नवं पुस्तक विकत घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते. "यात काही सापडतच नाही हो, मॅडम. सुरुवातीलाच बदकं कशाला? चिमणी-कावळा कुठे गेले?" पुण्याजवळच्या कवडीपाटला नदीच्या काठावर दुर्बिणी सावरत उभे असलेले नवखे लोक हे इतक्या कळवळून विचारतात, की त्यांची समजूत घालावी लागते. माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, त्यामुळे क्रमावरून हुज्जत घालणारी माणसं मला नवी नाहीत. दशांश वर्गीकरणात पक्ष्यांचा क्रमांक ५९८. त्या कपाटापाशीही कोणीतरी सांगायचंच, "सरळ अकारविल्हे लावा ना!"

अकारविल्हे लावून पक्ष्यांच्या पुस्तकाचं भलं होत नाही. झुडपातून काहीतरी फुर्रकन उडालं, तर त्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून तर पुस्तक उघडायचं. पण 'हा रातव्यांपैकी दिसतो' किंवा 'चंडोलांच्या घरचा आहे' एवढा अंदाज येतो. सगळे रातवे शेजारी-शेजारी छापलेले असले, तर चित्रं ताडून पाहता येतात. म्हणून यादी लागते ती भाऊबंदकीने.

आता भाऊबंद कोण, हे ठरवण्याची तऱ्हा बदलत गेली. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालिकेत यूजीन ओट्स यांनी १८८९ साली पक्ष्यांचा पहिला खंड काढला, त्यात पहिला मान कावळ्याच्या कुळाला होता. पक्ष्यांत कावळा सगळ्यांत पुढारलेला, म्हणून तो आधी, असा तेव्हाचा हिशोब. पुढे सलीम अली आणि डिलन रिप्ले यांचा दहा खंडी ग्रंथ १९६८ पासून येऊ लागला, तेव्हा क्रम उलटा झाला होता. जुनी घराणी आधी, नवी नंतर. पहिल्या खंडाचं नावच 'डायव्हर्स टू हॉक्स'. यातला डायव्हर आपल्याकडच्या बहुतेकांनी जन्मात पाहिलेला नसतो. कावळा गेला पाचव्या खंडात.

आजच्या क्रमामागे डीएनए आहे. पक्ष्यांच्या वंशवृक्षातून सर्वांत आधी शहामृग आणि त्याचे नातलग फुटून निघाले. त्यांच्यातलं आज आपल्याकडे रानात कोणी नाही. त्यानंतर वेगळी झाली ती बदकं आणि कोंबडीची जात. म्हणून भारताची यादी बदकांपासून सुरू होते, आणि गाणारे पक्षी सगळ्यांत शेवटी येतात. चिमणी-कावळा त्यांच्यातलेच. यात कोणाचा मान वाढला किंवा कमी झाला असं काही नाही. पाळण्यावर टांगलेलं चिमणाळं डोळ्यांसमोर आणा. वारा आला की त्याच्या काड्या फिरतात, उजवीकडची चिमणी डावीकडे येते, पण कुठला दोरा कुठे बांधलाय ते बदलत नाही. वंशवृक्षाच्या फांद्याही तशाच फिरवता येतात. छापील यादीत मात्र काहीतरी आधी आणि काहीतरी नंतर लिहावंच लागतं. तेव्हा जोडीच्या दोन फांद्यांपैकी ज्या फांदीवर जाती कमी ती आधी, असा साधा संकेत पाळतात.

या उलथापालथीत खरे धक्के दोन. ससाणा इतकी वर्षं शिक्रा आणि गरुडांच्या पंगतीला बसलेला. तीच वाकडी चोच, तशाच नख्या. पण २००८ साली 'सायन्स' मासिकात आलेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासातून दिसलं, की ससाण्याचे जवळचे नातेवाईक पोपट आहेत. नव्या याद्यांत तो सुतार पक्ष्यांनंतर आणि पोपटांच्या आधी येतो. दुसरा धक्का भिगवणला रोहित बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे. रोहित पक्ष्याचं सगळ्यांत जवळचं भाऊबंद म्हणजे डबक्यात बुड्या मारणारी टिबुकली! त्या लांब तंगड्यांकडे पाहून कोणाला खरं वाटेल?

नावांचा कारभार याहून मजेदार आहे. शास्त्रीय नावांना आंतरराष्ट्रीय संहिता आहे. लिनियसच्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाच्या १७५८ सालच्या आवृत्तीपासून मोजायचं आणि ज्याने आधी रीतसर वर्णन छापलं त्याचं नाव टिकवायचं. मराठा सुतार पाहा. आपल्या माळरानावर, बाभळीच्या खोडावर हमखास दिसणारा, पिवळसर कपाळाचा. इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ लॅथमने १८०१ साली त्याला 'पिकस माहराटेन्सिस' म्हटलं, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. पुढे तो 'डेंड्रोकोपस'मध्ये गेला, हल्ली 'लिओपिकस'मध्ये असतो. घराणं दोनदा बदललं तरी 'माहराटेन्सिस' हलला नाही. पुस्तकात लॅथमचं नाव आणि साल कंसात छापलेलं दिसेल. त्या कंसाचा अर्थच असा, की नाव ठेवणाऱ्याने पक्षी ज्या प्रजातीत घातला होता, तिथे तो आता नाही. कंस नसेल तर पक्षी अजून मूळ घरीच आहे.

इंग्रजी नावांना असा कायदा नाही. याच सुताराला इंग्रजीत आधी 'मराठा वुडपेकर' म्हणत, मग 'यलो-फ्रंटेड पाइड वुडपेकर' झालं, आता 'यलो-क्राउन्ड वुडपेकर'. ही नावं समित्या ठरवतात. एका जातीच्या दोन झाल्या, तर गोंधळ टाळायला सहसा दोन्हींना नवं नाव देतात. आपला वेडा राघू नुसता 'ग्रीन बी-ईटर' होता. त्याचे अरबस्तानातले आणि आफ्रिकेतले भाईबंद वेगळे झाल्यावर तो 'एशियन ग्रीन बी-ईटर' झाला. नदीकाठच्या तारेवर बसणाऱ्या राघूला याचा पत्ता नाही, आणि मराठी नाव बदलायची मला तरी काही गरज दिसत नाही. आपल्याकडे वेडा राघू एकच आहे.

समित्यांवर मी उगाच तोंडसुख घेत नाही. कधी कधी जातीची फोड केल्याने जुना न्याय होतो. कर्नल विल्यम साइक्स हा कंपनीचा अधिकारी. मुंबई सरकारने १८२४ साली त्याच्याकडे दख्खनच्या सांख्यिकी पाहणीचं काम दिलं. सारा आणि खानेसुमारी करता करता तो पक्षी जमवत होता. १८३२ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली आणि नव्या जातींना 'देवा', 'रामा', 'माहराटेन्सिस' अशी नावं दिली. एका रातव्याचं नाव आजही 'कॅप्रिमुल्गस माहराटेन्सिस' आहे, तेही कंसाशिवाय. आपल्या हळद्याला त्याने म्हटलं 'ओरिओलस कुंडू'.

पुढच्या लोकांनी हा हळद्या युरोपातल्या हळद्याचीच उपजात ठरवला आणि 'कुंडू' शास्त्रीय नावातल्या तिसऱ्या, उपजातीच्या शब्दाच्या जागी ढकलला गेला. २००५ साली पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांच्या 'बर्ड्स ऑफ साउथ एशिया' या ग्रंथाने तो पुन्हा स्वतंत्र मानला. नवं नाव शोधावं लागलंच नाही, साइक्सचं तयार होतं. फरक तुम्हालाही दिसेल. नर समोर आला की डोळ्याकडे बघा. युरोपातल्या नराची काळी पट्टी डोळ्यापाशी थांबते. आपल्या हळद्याची डोळा ओलांडून मागे जाते, काजळ लांब ओढल्यासारखी. पंखावर पिवळंही जास्त असतं.

माणसांची नावं पक्ष्यांना असावीत का, हा वाद सध्या गाजतोय. अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने २०२३ साली आपल्या अखत्यारीतल्या पक्ष्यांची अशी इंग्रजी नावं बदलायचं जाहीर केलं. भारतातल्या नावांना तो निर्णय लागू नाही. माझं मत विचाराल तर 'साइक्सचा चंडोल' मला खटकत नाही. खटकतं ते एवढंच, की त्याला तो पक्षी आणून देणाऱ्या, त्याचं गावातलं नाव सांगणाऱ्या माणसांची नोंद कुठे नाही. गावातली नावं नोंदवून ठेवण्याचं काम आपल्याकडे मारुती चितमपल्ली यांनी केलं. वनखात्यात असताना रानातल्या माणसांकडून नावं ऐकून घेतली आणि 'पक्षिकोशा'त आणली.

भारताची यादी २०१६ साली प्रवीण जे., राजा जयपाल आणि आशिष पित्ती यांनी 'इंडियन बर्ड्स' नियतकालिकात छापली, तेव्हा त्यात १,२६३ जाती होत्या. २०२५ च्या जूनमध्ये 'एव्हीलिस्ट' ही सगळ्या जगाची मिळून एक यादी आली. त्यात अकरा हजारांहून अधिक जाती आहेत आणि ती दर वर्षी सुधारली जाणार आहे. म्हणजे तुमचं पुस्तक जुनं होणारच. होऊ दे, फेकू मात्र नका. नोंदवहीत पक्ष्याचं नाव लिहिताना कुठल्या सालची यादी वापरली ते शेजारी लिहा. आणि गावी गेलात की म्हाताऱ्या माणसांना रातव्याला काय म्हणतात ते विचारा, आणि गावाच्या नावासकट टिपून ठेवा. ती यादी कुठलीही समिती करून देणार नाही.