कारण ठाऊक नसलेले शहाणपण

मुळशी तालुक्यात भाताची तयारी भर उन्हाळ्यात सुरू होते. रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण पसरायचे, त्यावर वरकस जमिनीतल्या झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, म्हणजे कवळे, मग गवत आणि पालापाचोळा, आणि सगळ्यांवर बारीक मातीचा थर द्यायचा. आग अशी लावायची की ती वाऱ्याच्या विरुद्ध सावकाश सरकत जाईल. हेच राब भाजणे. पावसाच्या तोंडावर तिथे धान पेरतात आणि रोपे वाढली की उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. मावळपट्ट्यात आणि कोकणात कैक पिढ्या हे चालत आले आहे. का करायचे, याला परंपरेकडे तीन उत्तरे आहेत: रोप जोमदार येते, तण कमी होते आणि वाडवडील असेच करत आले. पहिली दोन निरीक्षणाची आहेत. तिसरे शिकलेल्या माणसाला खटकते. माझ्या मते माणसाची संस्कृती साचत गेली ती मुख्यतः या तिसऱ्या उत्तराच्या बळावर, आणि ते अडाणीपणाचे लक्षण मुळीच नाही.

इंग्रजी अमदानीत वनखात्याला राब ही जंगलाची नासाडी वाटे, म्हणून कवळतोडीवर बंधने आली आणि शेतकऱ्यांत मोठा असंतोष पसरला. हा हट्ट आहे की गरज, हे पाहण्यासाठी मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक ओझॅन यांनी मुळशीच्या शेजारीच, लोणावळ्याला, प्रयोग केले. राबावरची रोपे सरस ठरली. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करून 1893 मध्ये अहवाल देणारे रसायनशास्त्रज्ञ व्होएल्कर यांनीही या प्रयोगांची दखल घेतली. तरीही राबाने नेमके काय घडते, हा प्रश्न उरलाच. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह 1912 मध्ये राबावरचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यातून दिसले की गुण एकट्या राखेचा नसतो, माती तापण्याचाही असतो. माती तापवल्याने तिच्यातले सूक्ष्मजीव आणि पिकाला मिळणारा नत्र कसा बदलतो, हे इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या रसेल आणि हचिन्सन यांनी 1909 मध्ये मांडले होते. म्हणजे ही विद्या ज्यांच्या हातात होती त्यांना सूक्ष्मजीव ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. कारण कळल्यावरच कृती करायची असे त्यांनी ठरवले असते, तर त्यांना विसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले असते.

मग कारण न समजता कृती सुधारते तरी कशी? मॅक्सिम डेरेक्स आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. उतारावरून चाक लवकरात लवकर खाली जावे म्हणून त्याच्या आऱ्यांवरची वजने सरकवायची, एवढेच काम. पाच-पाच जणांच्या साखळ्या केल्या आणि प्रत्येकाला आधीच्याच्या शेवटच्या मांडण्या दाखवल्या. चाके पिढीगणिक वेगवान झाली, चाक वेगाने का जाते याची समज मात्र वाढली नाही. त्याआधी 2005 मध्ये व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी चिंपांझी आणि लहान मुले यांना पेटी उघडण्याच्या कृती दाखवल्या, त्यातल्या काही निरर्थक होत्या. पेटी पारदर्शक असताना चिंपांझींनी निरर्थक कृती गाळल्या, मुलांनी सगळ्या जशाच्या तशा केल्या. त्या क्षणी चिंपांझी हुशार दिसतो. पण राबासारख्या कामात कोणती पायरी निरर्थक आहे हे डोळ्यांना दिसत नाही. आगीवर मातीचा थर अनावश्यक वाटून कोणी तो वगळला, तर पाला भराभर जळून जाईल, राख उडून जाईल आणि खालची माती पुरेशी तापणार नाही. विश्वासाने केलेले अनुकरणच अशा पायऱ्या जपते.

यावर रास्त आक्षेप असा की याच विश्वासाने घातक रूढीही टिकतात. टिकतात, हे नाकारता येत नाही. खुद्द राबातही दोष आहे: वर्षानुवर्षे कवळतोड झाली की झाडे खुरटतात, जमिनीवर पडून कुजायचा पाला जळून जातो. म्हणूनच अनुकरणाला पारखणाऱ्यांची जोड लागते. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातलागवड हे त्याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण वाटते. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, खाचरात पेंढा आणि गिरिपुष्पाचा पाला, दोरीच्या मापाने नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मधोमध खोचलेली युरिया-डीएपीची गोळी. रोपांना राख हवी आणि खाचराला पाला हवा, हे जुने भान इथे शिल्लक आहे, फक्त त्यासाठी कवळे भाजावी लागत नाहीत. जुना थर पूर्ण खरवडून काढण्यापेक्षा त्यावर नवा चढवणे, ज्ञान वाढते ते असे.

थर खचतातही. समुद्र चढून टास्मानिया मुख्य भूमीपासून तुटल्यावर तिथल्या थोड्या लोकांकडून हाडांची अवजारे बनवण्यासारख्या विद्या गेल्या. शिकणारे कमी झाल्यामुळे हे घडले, असे जोसेफ हेनरिक यांनी 2004 मध्ये मांडले. काही पुरातत्त्वज्ञांना ते मान्य नाही: हवामान बदलले, गरज संपली, म्हणून लोकांनीच त्या गोष्टी सोडल्या असे ते म्हणतात. मुळशीत मात्र गरज संपली नव्हती. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, तरी शेवटी खोऱ्यातली भातखाचरे पाण्याखाली गेली आणि गावे पांगली. त्या वेळी मोबदल्याचा हिशेब जमिनीचा झाला. कोणत्या खाचरात पाणी किती दिवस धरायचे, कोणत्या उतारावरच्या झाडांची कवळे चांगली जळतात, ही माहिती कुठल्याच हिशेबात नव्हती. आज त्याच तालुक्यात हिंजवडीची संगणकनगरी आणि फार्महाऊसचे प्लॉट आहेत. आंबेमोहर भाताचे बियाणे शीतगृहात जपता येते, पण आग केव्हा आणि कुठून लावायची हे शिकायला शेजारी उभे राहून पाहणारे तरुण लागतात, आणि बांध विकला गेलेल्या घरात ते उरत नाहीत. कृषी विभागाच्या शेतीशाळा बांधावर भरतात. तिथे नवे वाण शिकवताना राब भाजणाऱ्या म्हाताऱ्यांनाही शिक्षक म्हणून बोलवायला हवे, आणि ते हयात आहेत तोवरच.